जिमसोबत डीएचईएची गोळी घेतली तर शुगर उतरते का?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. वय 52, चार वर्षांपासून शुगर, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. मागच्या टायमाला एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 8.1 आलं म्हणून गावातल्या जिमला जायला लागलो, दीड महिना झाला. आता जिमवाला पोरगा म्हणतो काका वजनासोबत डीएचईए 50 एमजी रोज एक घ्या, हार्मोन वाढतं, मसल बनतात, शुगर आपोआप खाली. डबा घेऊन ठेवलाय पण अजून खाल्ली नाही. आणि परवा स्क्वॉट मारून आलो तर मीटरवर 168 चं 195, हे उलटंच कसं काय भो?

धुळ्याचा_भाऊ:
घाबरू नका, दम लागेस्तोवर वजन मारलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं नि लिव्हर साखर सोडतं, तास-दोन तासात उतरते. चालणारा मसल इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढतो आणि पुढे दिवसभर इन्सुलिनला चांगला ऐकतो, म्हणून जिम सोडू नका. खरी काळजी ग्लिमेपिराइडची, त्या गोळीने शुगर फारच खाली जाऊ शकते. माझं असंच झालं, लेग डे केला, भरीत होतं पण वजन कमी करायचं म्हणून कळण्याची भाकरी अर्धीच खाल्ली, रात्री दोनला घामाने बनियन ओलं, मीटर 62. बायकोने साखरपाणी पाजलं तेव्हा भानावर आलो. डोस डॉक्टरकडून बघून घ्या.

गोळी_नको_भाकर_द्या:
डीएचईए हे आपल्याच अ‍ॅड्रिनल ग्रंथीत बनतं, वयाबरोबर कमी होतं, आणि शरीरात त्याचंच टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) नि इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) होतं. 2004 ला अमेरिकेत 56 वयस्कर लोकांना 6 महिने 50 एमजी दिलं तेव्हा पोट थोडं कमी झालं, इन्सुलिन बरं चाललं, जिमवाले तेवढंच सांगतात. 2006 ला दुसऱ्यांनी 2 वर्षं देऊन पाहिलं तर इन्सुलिन, ताकद कशातच फरक नाही, ते कोणी सांगत नाही.

टेस्टोस्टेरॉनचं वेगळं. ऑस्ट्रेलियात 50 ते 74 वयाच्या हजारभर पुरुषांवर ट्रायल झाली, शुगरच्या उंबरठ्यावरचे किंवा नुकतीच निघालेले, सगळ्यांना आहार-व्यायामाचा प्रोग्राम, निम्म्यांना दर 3 महिन्यांनी इंजेक्शन. 2 वर्षांनी शुगर असलेले 12 टक्के, नुसत्या प्रोग्रामवाल्यांत 21. पण इंजेक्शनवाल्यांत पाचातल्या एकाचं रक्त घट्ट झालं, म्हणून सारखी तपासणी लागते. आणि तुमची शुगर चार वर्षांची, ते आकडे तुम्हाला सरळ लागू नाहीत. प्रोस्टेटचा त्रास असेल तर तर बातच नको. हार्मोनची रिपोर्ट न बघता डबा देणारा पोरगा कितीही गुणी असो, डॉक्टर नाही.

अहिराणी_पोर:
काका, पहिले डॉक्टरले ईचारा, मंग गोळी. आन शेवभाजीवर तर्री कमी करा.

केळीवाला_रावेर:
तर्रीचं बोलू नको भाऊ. सोमवारी रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जातो. डबा परत द्यायला गेलो तर म्हणे सील फुटलंय, घेणार नाही. बायकोने सील फोडून वास घेतला होता.