आईचं पोटॅशियम वाढलंय आणि आमचं घर केळीच्या बागेत

तापीकाठचा: नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातले आम्ही, घरची केळी. आईला १५ वर्षांपासून शुगर, इन्सुलिन चालूय, आता किडनीचं निघालं. क्रिएटिनिन २.६, डायलिसिस नाही अजून, पण मागच्या आठवड्यात पोटॅशियम ५.९ आलं. डॉक्टर म्हणे केळी बंद, बाकी विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. आई म्हणते ज्या केळीवर तुमची शिक्षणं केली ती आता विष झाली का. त्यात थंडी सुरू झालीय, कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात भरीताची पार्टी असतेच, तेही बंद करू का? कळण्याची भाकरी, शेवभाजी, वरणबट्टी, काय ठेवू काय काढू काही सुचत नाही.

रानमेवा: भो टेन्शन नको घेऊ, रोज सकाळी नारळपाणी दे, किडनी धुऊन निघते.

धुळेवाली_ताई: नारळपाणी अजिबात नको!! त्यात पोटॅशियमच भरलेलं असतं. माझ्या सासऱ्यांचं ४ वर्षं करतेय म्हणून सांगते. एका मध्यम केळात साधारण ४०० मिलिग्रॅम जातं, आणि ते वाढलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं, म्हणून डॉक्टर घाबरतात. वांग्यात केळापेक्षा कमी असतं, आम्ही दोन-तीन चमचे भरीत देतो, त्यात शेंगदाणे नाही, वर टोमॅटोची कोशिंबीर नाही. बटाटा-पालक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकायचं, पोटॅशियम जात नाही पूर्ण पण कमी होतं. कळण्यात उडीद असतो म्हणून प्रोटीन-फॉस्फरसचं विचारून घ्या, आमच्याकडे साधी ज्वारीची भाकरी झाली. शेवभाजी मात्र सुटली, मीठच मीठ. पापड, लोणचं तसंच. सासरे अजून रुसतात, पण ताटात वांगं दिसलं की गप जेवतात :)

रात्रपाळी: वॉर्डात काम करते म्हणून दोन गोष्टी. ५.९ घेऊन थांबू नका, टेस्ट लवकर परत करा, आणि मध्येच अशक्तपणा किंवा छातीत धडधड वाटली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. बीपीच्या काही गोळ्यांनी पण पोटॅशियम वाढतं, पण मनाने बंद नका करू, चिठ्ठी घेऊन डॉक्टरला दाखवा. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून पेनकिलर आणत असाल तर ते आधी थांबवा. आणि किडनी कमी चालली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, जुन्याच डोसवर शुगर पडू शकते. पडली तर केळं किंवा ज्यूस नको, साखरपाणी द्या. हो, घरात मीठ कोणतं वापरता? लो सोडियमवाल्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड टाकलेलं असतं.

तापीकाठचा: ताई, आत्ता स्वयंपाकघरात जाऊन पाकीट पाहिलं. लो सोडियमच निघालं. आईच्या बीपीसाठी मीच सहा महिन्यांपूर्वी जळगावहून आणलं होतं आणि तेव्हापासून सगळं घर तेच खातंय. म्हणजे केळीवर इतके दिवस भांडत बसलो मी. पाकीट बाजूला काढलंय, उद्या सकाळीच रक्त द्यायला नेतो, गोळ्यांची चिठ्ठी पण घेतो सोबत. आईला सांगितलं तर म्हणते, बघ, माझी केळी नव्हतीच ना. केळं तरी नाहीच द्यायचं, बरोबर ना?

धुळेवाली_ताई: नाहीच. घड गेटबाहेरच्या ट्रकमध्ये जाऊ द्या.