डोंगर आणि तळे एकाच शनिवार-रविवारी: हा बेत योग्य आहे का?

पाऊलवाट (धागाकर्ता):

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी डोंगरमाथा गाठायचा, संध्याकाळी कॅनोत (वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद, उघड्या नावेत) सामान भरून तळ्याच्या पलीकडच्या काठावर मुक्कामाला जायचे आणि रविवारी वल्हवत परत यायचे, हा बेत ऐकायला फार मोहक वाटतो. मी तो तीन वेळा केला आहे आणि तिसऱ्या खेपेनंतर माझे मत पक्के झाले आहे की या दोन स्वतंत्र सहली आहेत आणि त्या दोन दिवसांत कोंबू नयेत.

माझा आक्षेप वेळेच्या हिशेबाचा आहे. डोंगराला सकाळ लागते, कारण उन्हाळ्यात उतार तापले की दमट हवा वर चढते, दुपारपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात आणि तेव्हा उघड्या धारेवर असणे म्हणजे विजेच्या वाटेत उभे राहणे असते. तळ्यालाही सकाळच लागते, कारण दुपारी जमीन आणि पाणी यांच्या तापमानातील फरक वाढून वारा उठतो आणि आरशासारखे पाणी तासाभरात खवळते. चढाई, जाताना वल्हवणे आणि येताना वल्हवणे असे तीन टप्पे आहेत. दिवस मात्र दोनदाच उजाडतो.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा असा आहे: ताशी ५ किलोमीटर चाल धरावी आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा द्यावा. १४ किलोमीटरची वाट आणि १,२०० मीटर चढ असेल, तर त्याप्रमाणे पावणेपाच तासांहून थोडा अधिक वेळ होतो, आणि त्यात विश्रांती, जेवण किंवा घसरड्या उताराचा वेळ धरलेला नाही. प्रत्यक्षात सात तास जातात. त्यानंतर सामान बांधणे, कॅनो भरणे आणि ताशी चार-पाच किलोमीटरच्या वेगाने पलीकडचा काठ गाठणे उरतेच. हे सगळे जमवता येते हे मला ठाऊक आहे. ते जमवावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

वल्हे:

पाऊलवाट, आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यातून आपण संध्याकाळ वगळली आहे. उन्हाने उठलेला वारा ऊन कलल्यावर बहुतेक वेळा पडतो आणि उन्हाळ्यात उजेड उशिरापर्यंत राहतो. सूर्यास्तापूर्वीचे दोन तास तळ्यावर सकाळइतकेच शांत असू शकतात. म्हणजे शनिवारची सकाळ डोंगराला, शनिवारची संध्याकाळ जाण्याला आणि रविवारची सकाळ परतीला, असे तीन टप्पे तीन चांगल्या वेळांत नीट बसतात.

शिवाय या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. दिवसभर भार पायांवर आलेला असतो. कॅनोत बसल्यावर काम खांद्यांकडे आणि कमरेकडे जाते. सकाळी माथ्यावरून ज्या तळ्याचा आकार पाहिला, त्याच तळ्याच्या मध्यावरून संध्याकाळी तो माथा पाहायचा, यात जे समाधान आहे ते दोन वेगळ्या सहलींत विभागून मिळत नाही. मी हे अतिशयोक्तीने लिहीत नाही; वर्षातले जे दोन दिवस मला पुढे महिनोन्‌महिने आठवत राहतात, ते असेच असतात.

रानवारा:

वल्हे यांच्याशी मी असहमत आहे आणि त्याचे कारण वारा नाही, थकवा आहे. गेल्या एका सहलीत आम्ही नऊ तास चालून काठावर आलो. पाणी अगदी शांत होते. माझी सोबतीण कॅनोत चढताना एका हाताने नावेची कड धरून उभी राहिली, उतरणीने गळून गेलेला गुडघा थरथरला, आणि तिने तोल सावरण्यासाठी सगळा भार त्याच कडेवर टाकला. नाव एका क्षणात कलंडली. पाणी कमरेइतकेच होते, पण पिसांची झोपण्याची पिशवी चिंब भिजली, आणि भिजलेली पिसे ऊब धरत नाहीत. उन्हाळा असूनही ती रात्र आम्ही दोघींनी एका पिशवीखाली कुडकुडत काढली.

हेच तळ्याच्या मध्यभागी झाले असते तर? डोंगरातले तळे वितळलेल्या बर्फावर भरत असेल, तर हवा कितीही उबदार असली तरी त्याचे पाणी गारठवणारे असते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात थंडीच्या शरीरावरील परिणामांचा अभ्यास केलेले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी थंडगार पाण्यासाठी सोपे सूत्र रूढ केले आहे: श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय उपयोगी पडतील अशी दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण एक तास. दमलेल्या माणसाने त्या पहिल्या मिनिटात घाबरून पाणी गिळले, तर पुढचे आकडे निरर्थक ठरतात. खांदे ताजे असतात म्हणून माणूस ताजा असतो असे नाही; निर्णय घेणारे डोकेही पायांबरोबरच दमलेले असते.

वल्हे:

आपल्यावर आणि आपल्या सोबतिणीवर आलेला प्रसंग वाचून वाईट वाटले, तरीही मी दोष त्या बेताला देणार नाही. नावेत कधीही उभे राहून चढू नये. खाली वाकून, दोन्ही कडांवर हात टेकून, पाऊल मधोमध टाकावे आणि दुसऱ्याने तोवर नाव घट्ट धरावी. झोपण्याची पिशवी आणि कोरडे कपडे जलरोधक पिशवीत तोंड गुंडाळून बांधावेत, अंतर एक किलोमीटर असो की दहा. जड सॅक तळाशी मध्यावर ठेवाव्यात आणि लाटा असतील तर गुडघ्यांवर बसून वल्हवावे, म्हणजे गुरुत्वमध्य खाली राहतो. लाइफ जॅकेट अंगावर असावे, पायाशी नव्हे. आणि तळे मधोमध कापण्याऐवजी काठाकाठाने जावे. अंतर वाढते, पण उलटल्यास जमीन हाताशी असते.

रानवारा:

हे सगळे नियम मला त्या दिवशीही ठाऊक होते. नऊ तास चालल्यानंतर ते पाळले गेले नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे.

काठावरची झाडे:

मला एक बाजू राहून गेलेली दिसते. उशिरा पोहोचणारी मंडळी अंधारात तंबू कुठे ठोकतात? जिथे कॅनो टेकते तिथेच, पाण्याला लागून, गवत चिरडून. मुक्काम, भांडी घासणे आणि शौच यांसाठी पाण्यापासून साधारण ६० मीटर अंतर राखावे, हा रानातला सर्वमान्य दंडक आहे. शौचाचा खड्डाही १५ ते २० सेंटिमीटर खोल असावा लागतो. विजेरीच्या उजेडात, भुकेल्या पोटी, हे अंतर कोण मोजतो? एकदा सकाळी उठून पाहिले, तर आमच्या शेजारच्या गटाचा तंबू पाणपक्ष्यांच्या घरट्यापासून चार पावलांवर होता आणि मादी दूर पाण्यात गोल गोल फिरत ओरडत होती. त्या माणसांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना ते दिसलेच नव्हते.

म्हणून माझा प्रस्ताव वेगळा आहे. शनिवारी डोंगर करावा आणि मुक्काम अलीकडच्याच काठावर, पायी पोहोचता येईल अशा ठिकाणी करावा. रविवारी पहाटे रिकामी, हलकी कॅनो घेऊन तळ्याला फेरी मारावी आणि वारा उठण्यापूर्वी परत यावे. दोन्ही गोष्टी होतात आणि सामान एकदाही पाण्यावर जात नाही.

वल्हे:

प्रस्ताव समंजस आहे, पण मग तो कॅनोचा मुक्काम राहत नाही. ज्या काठाला वाट जात नाही तिथे सगळा संसार घेऊन जाता येणे, हेच तर नावेचे देणे आहे. एक तांत्रिक बाबही लक्षात घ्यावी: एकट्याने वल्हवताना रिकामी कॅनो वाऱ्यात अधिक त्रास देते. पुढचे टोक हलके होऊन वर उठते, वारा ते ढकलतो आणि नाव आडवी होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. तळाशी सामानाचे वजन असलेली नाव अशा वेळी अधिक स्थिर राहते. घरट्यांविषयी मात्र आपण लिहिले ते मला मान्य आहे आणि उशिरा पोहोचण्याच्या विरोधातले तेच सर्वांत भक्कम कारण आहे.

पाऊलवाट (धागाकर्ता):

सर्वांचे मनापासून आभार. संध्याकाळचा टप्पा मी हिशेबात धरला नव्हता, हे मान्य करतो. तरीही मी पूर्णपणे पटलेलो नाही, कारण ढगांचा गडगडाट झाला तर शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यापासून दूर थांबावे लागते, आणि दोन तासांच्या उजेडातून असा अर्धा तास दोनदा गेला की उरलेले काम घाईतच होते. रविवारी परतीला वारा असेल तर थांबण्याची मोकळीक हवी. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असेल, तर ती मोकळीक कुणालाही नसते.

यापुढे मी हा बेत केला, तर एक अट घालेन. सूर्यास्ताला दोन तास उरले असताना कॅनो भरून तयार नसेल किंवा गटातला एकजण जरी दमल्याचे म्हणाला, तर ती रात्र अलीकडच्याच काठावर काढायची, आणि हे डोंगर चढण्यापूर्वीच सर्वांनी कबूल केलेले असावे. पहिल्यांदा वल्हे हातात घेणारे कुणी सोबत असेल, तर मात्र मी त्या शनिवारी डोंगराला हात लावणार नाही.

रानवारा:

ही अट आमच्याकडे असती, तर त्या दिवशी साडेचारलाच आम्ही तंबू बाहेर काढला असता. माझी सोबतीण या वर्षी पुन्हा यायला तयार आहे. ती म्हणते, आधी तळे.