पोटरीत गोळे, डॉपलरमध्ये अडथळा : शस्त्रक्रियेशिवाय काय करता येईल?

बी-२०४ : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांना (वय ६८, मधुमेह) थोडे चालले की उजव्या पोटरीत गोळा येतो आणि उभे राहिले की दोन-तीन मिनिटांत तो उतरतो. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत) मांडीच्या धमनीत अडथळा दिसला आहे. शस्त्रक्रिया टाळता येत असल्यास जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-५०१ : कीलेशनच्या सलाइनने नसा साफ होतात, अशी जाहिरात वाचली आहे. शिवाय माझ्याकडे व्हेरिकोज व्हेन्सचे घट्ट मोजे पडून आहेत, हवे असल्यास न्यावेत.

सी-१०३ (फिजिओथेरपिस्ट) : काका, मोजे कृपया देऊ नका. ते शिरांच्या आजारासाठी असतात. येथे धमनीतून पायाला रक्तच कमी पोहोचते आहे, त्यावर बाहेरून आवळणे घातक ठरू शकते. कीलेशनचे म्हणाल, तर मधुमेह असलेल्या आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात या सलाइनचा फायदा आढळला नाही.

दादा, वडिलांना फक्त चालतानाच दुखत असेल आणि पायावर जखम नसेल, तर पहिला उपचार चालणे हाच आहे. पण तो शतपावलीसारखा नव्हे. गोळा बऱ्यापैकी जाणवेपर्यंत चालायचे, पूर्ण उतरेपर्यंत बसायचे, पुन्हा उठायचे, असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा आणि निदान १२ आठवडे, शक्यतो कोणाच्या देखरेखीखाली. पंपरूमजवळच्या बाकापासून गेटपर्यंतचा पट्टा सपाट आहे, तो मला योग्य वाटतो. कमरेजवळच्या धमन्यांतील अडथळ्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लेव्हर चाचणीत, सहा महिन्यांनंतर अशा व्यायामाने चालण्याची क्षमता स्टेंटपेक्षाही (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीपेक्षाही) अधिक वाढलेली दिसली, मात्र आपण बरे आहोत ही भावना स्टेंटवाल्यांत जास्त होती, हेही सांगायला हवे.

बी-२०४ : दुखत असताना चालल्याने इजा होणार नाही ना? आणि औषधाच्या गोळ्यांचे काय?

सी-१०३ : या दुखण्याने स्नायूला कायमची इजा होत नाही, तरीही हृदयाची तपासणी करूनच सुरुवात करावी. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन या गोळ्या अडथळा विरघळवत नाहीत, तर झटका आणि पक्षाघात यांचा धोका कमी करतात, म्हणून पाय बरा वाटला तरी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सिलोस्टॅझॉलने चालण्याचे अंतर वाढते, पण हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी होणे) असल्यास ते देत नाहीत.

डी-४०२ : तंबाखूचा उल्लेख कोणी केला नाही. दादांचे वडील गच्चीवर विडी ओढतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

सी-१०३ : मग सर्वांत आधी विडी बंद. ती चालू ठेवून इतर उपचारांकडून फार अपेक्षा ठेवता येणार नाही.

तळपाय रोज पाहावेत आणि गरम पाण्याची पिशवी लावू नये. मधुमेहात चटका कळत नाही. रात्री पडल्या पडल्या पाय दुखू लागला, जखम भरेना किंवा बोट काळे पडू लागले, तर व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे जाण्यास उशीर नको. पाय अचानक गार आणि पांढरा पडल्यास त्याच तासाला रुग्णालय गाठावे. रात्रीच्या दुखण्यात किंवा न भरणाऱ्या जखमेतही बऱ्याचदा जांघेतून सुई घालून, धमनीत फुगा फुगवून किंवा स्टेंट बसवून काम होते, मोठी चिरफाड लागतेच असे नाही.

घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब तुलना करून मोजला आहे का? घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारे गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी असणे म्हणजे पायाच्या धमन्यांचा आजार. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने तो आकडा फसवा चांगला येऊ शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

बी-२०४ : मोजलेला नाही, ताई. उद्याच वेळ घेतो. सिलोस्टॅझॉलचा विषय निघेल, म्हणून मागच्या वर्षीचा इको (हृदयाची सोनोग्राफी) सोबत नेतो, आणि विडीचे डॉक्टरांसमोरच बोलतो.