रॉटवायलरचे पिल्लू परत देऊ नये

चांदूर रेल्वेच्या ताईंनी आणलेले रॉटवायलर कुत्र्याचे पिल्लू, ही जात घरच्यांवरच उलटते म्हणून, परत द्यावे हा त्यांना दिलेला सल्ला मला पटत नाही. जर्मनीत हे कुत्रे गुरे हाकण्यासाठी व खाटकांचे गाडे ओढण्यासाठी पाळले जात. आपल्याकडे मात्र त्यांना शेतातल्या कोठ्यापाशी कायम साखळीने जखडून ठेवतात, आणि माझ्या मते बदनामीचे मोठे कारण तेच आहे. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लू जे निर्धास्तपणे पाहते, त्याला ते पुढे सहसा बिचकत नाही. म्हणून लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला कडेवर घेऊनच काठी टेकत येणारे आजोबा, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, ट्रॅक्टर, पोळ्याला सजवलेले बैल दाखवावेत. परक्याचा हात त्याने शांतपणे हुंगला, की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. मोठेपणी त्याची ताकद दांडगी असते, हे मात्र खरे; लहान मुलांजवळ त्याला एकटे कधीही सोडू नये. रॉटवायलरसह काही जातींच्या कुत्र्यांवरील बंदीबाबतचे केंद्र सरकारचे मार्च २०२४चे परिपत्रक दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच रद्द केले. उन्हाळ्यात फिरवणे सूर्योदयापूर्वीच उरकावे, कारण काळ्या अंगाच्या या कुत्र्याला आपल्याकडचे ऊन अजिबात सोसत नाही.