माझगावात डॉकयार्ड रोडजवळ भाड्याची खोली: घ्यावी का?

मिरजेची_पोरगी:
नमस्कार. पुढच्या महिन्यात बॅलार्ड पिअरला नोकरीवर रुजू होतेय. माझगावात एक खोली बघितली. जुनी तीन मजली इमारत, लाकडी जिना, वरच्या मजल्यावर एक खोली आणि मोरी, संडास सामाईक. भाडं 16,000, डिपॉझिट 75,000. डॉकयार्ड रोड स्टेशन चालत सात मिनिटांवर. खाली बोहरी कुटुंबाचं दुकान, समोर ख्रिस्ती वस्ती. खोली दाखवणारे काका भले वाटले. म्हणाले, "अ‍ॅग्रीमेंट वगैरे कशाला, घरच्यासारखी राहा." आईला काळजी, तिथं मराठी बोलणारं कुणी भेटेल का. मी मासे-मटण खात नाही. कुणी राहिलंय का तिकडे?

लोकलवाला:
हार्बरनं तिथून तिसरं स्टेशन सीएसएमटी. डोळे मिटून घ्या. रोज डोंबिवलीहून लटकत येणारा मी सांगतोय.

दुसरा_मजला:
डोळे मिटून मुळीच घेऊ नकोस. (अगं-तुगं करतेय, चालेल ना?) माझगावात भाड्यानं राहून मला नऊ वर्षं झाली. तीन घरं बदलली, स्टेशन तेच.

"घरच्यासारखी राहा" मीही ऐकलं होतं. सहा महिन्यांनी एका सकाळी भाडं गोळा करणारा मेहता पावतीपुस्तक घेऊन दारात. तेव्हा कळलं, मी ज्यांना मालक समजत होते ते पागडीचे भाडेकरू, म्हणजे पूर्वी एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यानं कायमची खोली धरलेले. खऱ्या मालकाला माझा पत्ताच नाही. खोली देणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले, "भाची आहे म्हण." मी म्हटलं. मेहतानं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कुठल्या बहिणीची?" त्यांना बहिणी किती हेच मला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांत खोली सोडली. डिपॉझिट 40,000 दिलेलं, त्यातले 15,000 परत मिळाले, तेही चार हप्त्यांत.

पागडीच्या भाडेकरूला मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. ठेवला तर त्याचीच खोली जाऊ शकते, म्हणून तो कागद करत नाही. तुझ्या काकांचं तसंच असेल असं नाही, पण विचार. सोसायटीचं घर असेल तर मेंटेनन्सचं बिल दाखवतील. पागडी असेल तर भाडेपावती असते, तिच्यावर मालकाचं नाव आणि किरकोळ रक्कम. लाइट बिलावर विसंबू नकोस, ते भाडेकरूच्याही नावावर असतं.

आणि 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही थाप आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घर देणाऱ्याची. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, अर्ध्या तासाचं काम.

आता आईची काळजी. माझ्या खिडकीतून म्हातारपाखाडी दिसते. तिथल्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती) आँटी माझ्याशी मराठीतच बोलतात, फक्त ते मराठी आपल्यापेक्षा कोळ्यांच्या जवळचं. पहिल्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. बघते तर अंगणात चटयांवर मिरच्या, धणे, हळकुंडं वाळत घातलेली आणि चुलीवर एकेक जिन्नस भाजणं चाललेलं. बाटली मसाला! बिअरच्या तपकिरी बाटल्या धुऊन भिंतीशी उपड्या लावलेल्या. मसाला आत टाकायचा आणि काठीनं ठासायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा ठासायचा, हवेला जागाच ठेवायची नाही. संध्याकाळी एक बाटली माझ्या दारात. म्हटलं, आँटी, मी मासे-मटण खात नाही. "मग बटाट्यात घाल." साताऱ्याला आईकडे गेले की माझी बटाट्याची भाजी आता तिला ओळखू येत नाही.

खालचे बोहरी शेजारी जेवायला बोलावतात तेव्हा सगळ्यांचं एकच मोठं थाळ, सुरुवात चिमूटभर मिठानं. माझी वाटी न सांगता वेगळी येते. बाकी उंदीर आहेत. रात्री ट्रक आहेत. पहिला महिना झोप लागणार नाही.

बंदर_रोड:
वरच्या ताई कागदाचं बोलल्या, मी लाकडाचं बोलतो. जिन्याखाली टॉर्च मारून तुळया बघा. टेकू लावलेत का, वाळवी आहे का. पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी काढतं, त्यात नाव शोधा. पण यादीत नाव नाही म्हणजे इमारत धड, असंही समजू नका. 2013 च्या सप्टेंबरात डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची इमारत पहाटे कोसळली, 61 माणसं गेली. ती काही शंभर वर्षांची नव्हती.

मिरजेची_पोरगी:
काकांना पावती विचारली. म्हणाले, लॉकरमध्ये ठेवलीय, नंतर दाखवतो. आधी 20,000 टोकन द्या.

दुसरा_मजला:
भाडेपावती लॉकरमध्ये! अगं, माझ्या त्या घरी ती देव्हाऱ्यामागे खिळ्याला टोचलेली असायची. टोकन देऊ नकोस. आमच्या खालची खोली महिनाअखेरीस रिकामी होतेय. सोसायटीची आहे, भाडं तुझ्या काकांपेक्षा दोन हजारांनी जास्त. रविवारी बघायला ये, पण नवानंतर. पाणी पहाटे येतं, ते भरून झाल्यावर मी परत झोपते.