व्हिएन्नात एकच दिवस आहे, सोळाव्या शतकातलं काय बघावं?

अबोली: सप्टेंबरात आईबाबांना घेऊन व्हिएन्नाला जातेय. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, युरोपातल्या धर्मसुधारणेचा काळ त्यांच्या जिव्हाळ्याचा. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयासाठी एकच दिवस मिळेल आणि बाबांना फार वेळ उभं राहवत नाही. चित्रांतलं मला विशेष कळत नाही, पण बाबांना त्यांचा इतिहास भेटेल असं काय आहे तिथे?

गोदाकाठ: अबोलीताई, सोळाव्या शतकातला चित्रकार थोरला पीटर ब्रूगल याचं दालन गाठा आणि तिथल्या बाकावर निवांत बसा. त्याची इतकी चित्रं जगात दुसरीकडे कुठेच एकत्र नाहीत. 'बर्फातले शिकारी' (१५६५) तुम्ही कुठेतरी पाहिलं असेलच. कुत्र्यांचा एवढा मोठा ताफा, पण हाती लागलाय एकुलता एक कोल्हा.

बाबांना मात्र 'पॉलचं धर्मांतर' (१५६७) दाखवाच. १५६६मध्ये, तेव्हा स्पेनच्या सत्तेखाली असलेल्या नेदरलँड्समध्ये, प्रॉटेस्टंट जमावांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने बंदोबस्तासाठी आपला सेनापती ड्यूक ऑफ अल्बा याला धाडलं. तो इटलीतून फौज घेऊन आल्प्स ओलांडून १५६७च्या ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सला पोचला. ब्रूगल तेव्हा ब्रुसेल्समध्येच राहत होता, आणि त्याच वर्षीच्या या चित्रात एक फौज उंच डोंगर चढतेय. ख्रिश्चनांचा छळ करणारा पॉल ख्रिस्ताचा अनुयायी होतो ती बायबलमधली गोष्ट दमास्कसच्या वाटेवरची, हे कडे मात्र थेट आल्प्समधले! घोड्यावरून पडलेला पॉल गर्दीत शोधावा लागतो. काही अभ्यासकांना यात अल्बाची स्वारी दिसते. चित्रकाराने खुलासा ठेवलेला नाही, तरी मला हा अर्थ पटतो. पुढच्याच जूनमध्ये अल्बाच्या राजवटीत एग्मोंट आणि होर्न या तिथल्या सरदारांचा ब्रुसेल्सच्या मुख्य चौकात शिरच्छेद झाला. १५६९मध्ये ब्रूगलही गेला. अशा शहरात बसून हा माणूस रंगवत होता, हे मनात ठेवून 'शेतकऱ्यांचं लग्न' बघा. दार काढून त्यावरून वाढप चाललंय, आणि जेवणाऱ्या एकेका चेहऱ्याकडे त्याने किती मायेने पाहिलंय!

निळासावळा: सहमत. फक्त त्याच इमारतीतलं कुन्स्टकामर, म्हणजे दुर्मीळ कलावस्तूंचं दालन, चुकवू नका. इटालियन सोनार-शिल्पकार चेलिनीने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी १५४०-४३मध्ये घडवलेलं सोन्याचं मीठदान तिथे आहे. २००३मध्ये ते चोरीला गेलं होतं, २००६मध्ये जंगलात पुरलेलं सापडलं.

अबोली: गोदाकाठ, बाबांना वाचून दाखवलं. ते लगेच अल्बाबद्दल बोलायला लागले! जाण्याआधी त्यांना चित्रं घरीच नीट बघता येतील का?

गोदाकाठ: हो. म्युझियमचं 'इनसाइड ब्रूगल' नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर चित्रं इतकी मोठी करता येतात की रंगाला गेलेले तडेही दिसतात. टॅबवर आधी 'बाबेलचा मनोरा' (१५६३) उघडून द्या. गवंडी, याऱ्या, पायाशी आलेला राजा... बाबांची दुपार त्यातच जाईल.

निळासावळा: पुढे प्रागला जाणार असाल तर लोब्कोविट्झ राजवाड्यात ब्रूगलचं 'गवतकापणी' आहे. त्याने ऋतूंवर रंगवलेल्या मालिकेतली ('बर्फातले शिकारी' त्यातलंच) पाच चित्रं उरलीत. तीन व्हिएन्नात, एक न्यूयॉर्कला आणि एक हे. व्हिएन्नाहून प्रागला रेल्वेने साधारण चार तास लागतात.