मोठ्या मुलांसह पहिला क्रूझ प्रवास : मुंबईहून की सिंगापूरहून?

ए-३०४ : नमस्कार सोसायटीतील मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे प्रथमच क्रूझने जाण्याच्या विचारात आहोत. मुलगा १९ वर्षांचा असून मुलगी १६ वर्षांची आहे. मुंबईहून गोव्याला जाणारे जहाज घ्यावे की सिंगापूरहून पेनांग-फुकेतला जाणारे, यावर घरात एकमत होत नाही. अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सी-७०१ : वहिनी, आमची मुले साधारण याच वयाची असताना आम्ही सिंगापूरहून गेलो होतो. या वयात जहाज कोठे जाते यापेक्षा जहाजावर मुलांना काय करता येते हे आधी पाहावे, कारण बंदरात जेमतेम काही तास मिळतात आणि उरलेला सारा वेळ जहाजावरच जातो. मुंबईहून सुटणारे कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचे, पूर्वी रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीकडे असलेले आणि सुमारे ४८ हजार टनांचे आहे, तर सिंगापूरहून निघणारी मोठी जहाजे त्याच्या तिपटीहून मोठी असून काहींवर कृत्रिम लाटांवरचे सर्फिंग आणि चढाईची भिंतही असते.

आपण बहुधा मुलीची काळजी करीत असाल, पण माझ्या मते विचार मुलाचाच अधिक करावा. सिंगापूरहून जाणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर किशोरांचा क्लब १२ ते १७ वयोगटासाठी असतो, त्यामुळे मुलीला पहिल्याच संध्याकाळी मैत्रिणी मिळतील. मुलगा मात्र तेथे प्रौढांत मोजला जाईल. शिवाय सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर मद्यासाठी बहुधा १८ वर्षांचीच अट असते, म्हणून त्याविषयी घरातच मोकळेपणाने बोलून घ्यावे. ऐन जहाजावर तो वाद शोभत नाही.

ए-११२ : सूनबाई, भाऊच्या धक्क्यावरून पणजीला जाणाऱ्या ‘कोकणसेवक’ बोटीने आम्ही प्रवास केलेला आहे, तेव्हा बोट लागणे म्हणजे काय ते मला विचारा! खोली जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यावी.

ए-३०४ : धन्यवाद, काका. मुलांना स्वतंत्र खोली द्यावी का? आणि मुले दिवसभर कोठे आहेत हे कळायचे कसे?

सी-७०१ : दोन खोल्या परवडत असतील तर जरूर घ्याव्यात, कारण चौघांच्या एका खोलीत वरचे पलंग उघडले की पाय ठेवायलाही जागा उरत नाही. मात्र प्रत्येक खोलीत ठरावीक वयाची सज्ञान व्यक्ती हवी, असा नियम पुष्कळ कंपन्यांचा आहे. कोठे ती मर्यादा १८ आहे, कोठे २१. आरक्षणापूर्वी हे लेखी विचारून घ्यावे. फोन फ्लाइट मोडवरच ठेवायला सांगावा, अन्यथा भर समुद्रात तो जहाजाचे नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचे बिल डोळे पांढरे करते. आम्ही रात्रीचे जेवण एकत्र घ्यायचे एवढा एकच नियम ठेवला होता, आणि दोन्ही मुलांनी तो कुरकुर न करता पाळला.

बी-५०६ : एक महत्त्वाची बाब राहिली. मुलाचा पासपोर्ट तो अल्पवयीन असताना, पाच वर्षांच्या मुदतीचा काढलेला असल्यास त्याची मुदत तो १८ वर्षांचा झाला तेव्हाच किंवा त्याआधीच संपलेली असेल. सिंगापूरसाठी पासपोर्ट प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने वैध लागतो, व्हिसाही काढावा लागतो आणि जहाज पुन्हा सिंगापूरलाच परतत असल्याने तो एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. गोव्याला मात्र छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र पुरते.

ए-३०४ : आत्ताच कपाट उघडून पाहिले, मुलाच्या पासपोर्टची मुदत खरोखरच संपलेली आहे. नूतनीकरणाचा अर्ज आज रात्रीच भरते. तो वेळेत हाती आला तर सिंगापूर, अन्यथा या दिवाळीत गोवा.

सी-७०१ : उत्तम. फक्त दर विचारताना बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची टिप धरून एकूण रक्कम मागा. जाहिरातीतील आकड्यात हे खर्च बहुधा धरलेले नसतात.